सतरा आणि त्रेचाळीस

शून्यसाहेबांनी एकाच संध्याकाळी दोन गेमिंग कन्सोल, एक काळे आणि एक पांढरे, घरी आणले, तेव्हा लेकीला क्षणभर वाटले, वडील सुधारले. पुढच्याच क्षणी त्यांनी खिशातून वही काढली आणि तिचा गैरसमज दूर झाला.

"यातलं एकच राहणार आहे," ते म्हणाले. "दुसरं दहा दिवसांत परत. दुकानाशी तसं ठरवून घेतलंय. ओरखडा नको, तार हरवायला नको."

शून्यसाहेब हे त्यांचे खरे नाव नव्हे. वजने आणि तराजू प्रमाणित करणाऱ्या प्रयोगशाळेत त्यांची बावीस वर्षे गेली होती. कोणी कोणताही आकडा सांगितला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "आधी शून्य तपासलं होतं का?" रिकामा तराजू शून्य दाखवत नसेल, तर त्यावर ठेवलेल्या कशाचेच वजन खरे नाही, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते त्यांनी तराजूंपुरते ठेवले नव्हते. हाताखालच्या मंडळींनी त्यांचे हे बारसे केले. हे नाव घरापर्यंत कसे पोहोचले याचा त्यांनी एकदा पद्धतशीर तपास केला होता आणि तो साडूंपाशी येऊन थांबला होता.

कन्सोलबाबत त्यांनी तीन आठवड्यांत एकसष्ट परीक्षणे वाचली होती. काळे यंत्र चुटकीसरशी सुरू होते, असे एक जण लिहीत होता. काळे सुरू होईपर्यंत अंघोळ उरकते, असे दुसरा. पांढऱ्याचा कंट्रोलर हातात लोण्यासारखा बसतो असे म्हणणारे जितके होते, तितकेच त्याने अंगठा दुखतो असे म्हणणारे. अद्ययावत होण्यासाठी कोण जास्त ताटकळत ठेवते, जागा कोणाची आधी भरते, पंखा कोणाचा जास्त घोंगावतो, यांवर माणसे एकमेकांची आईबहीण काढत होती. "एकाही शहाण्याने डोळे झाकून चाचणी घेतलेली नाही," शून्यसाहेबांनी निष्कर्ष काढला. "ज्याच्या घरी जे आहे, त्याला तेच चांगलं वाटतंय."

"बाबा, पण मला पांढरंच हवंय," लेक म्हणाली.

"का?"

"तुम्हाला माहितीय का ते."

माहीत होते. लेकीची जिवाभावाची मैत्रीण दोन महिन्यांपूर्वी आईच्या बदलीमुळे दुसऱ्या गावी गेली होती. तिच्याकडे पांढरे यंत्र होते आणि दोघींच्या आवडीचा मोटारशर्यतीचा खेळ पांढऱ्यावाल्यांना पांढऱ्यावाल्यांशीच खेळू देत असे. दर शनिवारी लेक फोन भिंतीला टेकवून मैत्रिणीचा खेळ नुसती बघत बसे आणि मधूनमधून "डावीकडे, अगं डावीकडे!" असे ओरडे.

"मैत्रीण हा यंत्राचा गुणधर्म नाही," शून्यसाहेब म्हणाले. वडील म्हणून त्यांना वाईट वाटले; पण वहीत त्यासाठी रकाना नव्हता.

"आणि भाऊजी सकाळपासून तीनदा फोन करून झालेत," पत्नीने आठवण करून दिली. "काळंच घ्या म्हणतात."

हे भाऊजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, अर्थात शून्यसाहेबांचे साडू. त्यांचे गाद्यांचे दुकान होते आणि हाताला, पाठीला, एकूणच कातडीला जे कळते ते कोणत्याही उपकरणाला कळत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांच्या घरी काळे यंत्र होते. शून्यसाहेबांनी पांढरे ठेवले असते तर लेकीचा हट्ट पुरवला असे झाले असते; काळे ठेवले असते तर साडूंचे ऐकले असे. दुसरी शक्यता त्यांना रात्री झोपू देत नव्हती. यातून सुटण्याचा एकच मार्ग होता: असा निकाल, की ज्यापुढे कोणाचीच मात्रा चालू नये.

पहिल्या दिवशी त्यांनी प्रयोगशाळेतून दोन एकसारखी पुठ्ठ्याची खोकी आणली. यंत्रे खोक्यांत बसवून वरून चिकटपट्टी मारायची, म्हणजे कोणते कोठे ते दिसणार नाही. खोक्यांना 'एक' आणि 'दोन' अशी नावे द्यायला त्यांनी नकार दिला. माणूस 'एक'कडे झुकतो. त्यांनी सतरा आणि त्रेचाळीस हे आकडे निवडले. त्यांच्याबद्दल कोणाला काही वाटण्याचे कारण नव्हते. यंत्रे खोक्यांत लेकीने एकटीने भरली, कोणते कोणत्या आकड्यात हे चिठ्ठीवर लिहिले, चिठ्ठी मोहोरबंद पाकिटात घातली आणि ते पाकीट घरातच राहणाऱ्या सासूबाईंच्या कपाटात गेले.

मग प्रयोगशाळेतून एक डबी आली. दोन संगणकांना मिळून एकच पडदा आणि एकच कळफलक जोडायचा असला की ही डबी मध्ये लावत. वरचे बटण दाबले की या संगणकावरून त्या संगणकावर. एका संगणकाने मान टाकली तरी काम अडू नये, अशीही तिच्यात सोय होती. शून्यसाहेबांनी तिच्या दोन बटणांवर सतरा आणि त्रेचाळीसच्या चिठ्ठ्या डकवल्या आणि दोन्ही यंत्रांवर चालेल असा तिसऱ्याच कंपनीचा एक कंट्रोलर तिला जोडला.

"अहो, पण हातात काय धरायचं तेच तर निराळं असतं दोघांचं!" साडू फोनवर कळवळले. "गादी बघायची आणि पाठ टेकायची नाही, असं झालं हे."

"पाठ हे मोजमापाचं साधन नाही," शून्यसाहेबांनी फोन ठेवला.

नियम त्यांनी सुबक अक्षरांत लिहून टीव्हीशेजारी लावले. नियम पहिला: लेक पक्षपाती असल्याने ती चाचणी देणार नाही, फक्त यंत्रे चालवेल. दुसरा: यंत्र सुरू होताना पडद्यावर त्याचे चिन्ह येते, म्हणून खेळाचा पहिला पडदा येईपर्यंत सर्वांनी, स्वतः शून्यसाहेबांनीसुद्धा, डोळे मिटायचे. तिसरा: सुरू होतानाचे संगीतही ओळखू येते, म्हणून तेवढा वेळ सर्वांनी तोंडाने मोठ्याने 'उंऽऽ' असा आवाज काढायचा. चौथा: चालकाने निकाल लागेपर्यंत कोणत्याही यंत्राविषयी अवाक्षर काढायचे नाही.

"अगदी काहीही झालं तरी?" लेकीने विचारले.

"काहीही झालं तरी. खोकला आला तर बाहेर जायचं."

दुसऱ्या दिवशी पहिली चाचणी अकरा मिनिटे चालली. बाराव्या मिनिटाला खोक्यांतून इस्त्रीसारखा वास आला आणि पडद्यावर अतिउष्णतेची सूचना झळकली. शून्यसाहेबांनी ती वाचली जाऊ नये म्हणून आधी टीव्हीसमोर उडी घेतली आणि मग खोक्यांकडे धाव घेतली. कात्रीने दोन्हींच्या पाठीला बारा-बारा भोके पडली, प्रत्येक भोक दुसऱ्या खोक्याच्या भोकाएवढेच. तेवढ्याने भागेना.

"टेबलफॅन आण! लवकर!"

पत्नीने टेबलफॅन आणला. ती पार्सल कार्यालयात काउंटरवर कामाला होती आणि नुकतीच कामावरून आली होती. "कुठे लावू? बोर्डावर जागा नाहीये. टीव्ही, तुमची दोन खोकी, ती डबी आणि इंटरनेट, पाचही भरलेत."

"कर कुठेतरी जागा! मी झाकण धरलंय इथे!"

तिने एक खोके हाताने जरा उचलून पाहिले, मग दुसरे. मग टेबलफॅन घोंघावू लागला आणि वास गेला. शून्यसाहेबांनी त्या दिवशीच्या सर्व नोंदींवर लाल रेघ मारली, प्रयोगाची खरी सुरुवात तिसऱ्या दिवसापासून धरली आणि टेबलफॅनच्या आवाजात पंख्यांची घरघर मोजता येणार नाही म्हणून 'आवाज' हा रकाना मोठ्या खेदाने रद्द केला.

चाचणी द्यायला माणसे तीन. स्वतः शून्यसाहेब, रविवारी साडू, आणि सासूबाई. पत्नीने "मला वेळ नाही" एवढेच सांगून अंग काढून घेतले. खरा भरवसा सासूबाईंवर होता. त्यांनी उभ्या आयुष्यात कन्सोलला हात लावला नव्हता, त्यामुळे त्यांचे मत गढूळ झालेले नव्हते. चौतीस वर्षे त्यांनी न्यायालयात टंकलेखन केले होते. खाली न बघता बोटे चालवणे आणि समोर काय चालले आहे ते बाहेर न बोलणे, या दोन्ही गोष्टी त्यांच्या अंगवळणी पडल्या होत्या.

"जावईबापू, मला फक्त एवढं सांगा," पहिल्याच शर्यतीत मोटार भिंतीत घालून त्या म्हणाल्या, "मी जिंकायचं की नुसतं मत द्यायचं?"

"मत द्यायचं, आई. जिंकणं गौण आहे."

"गौण तुमच्यासाठी," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदर खोचला.

पाचव्या दिवशी त्या तिसऱ्या आल्या, सातव्या दिवशी पहिल्या. मतांचे तक्ते मात्र त्या साक्ष नोंदवावी तशा भरत. सतराविषयी त्यांनी लिहिले: 'चपळ आहे, परंतु उतावीळ. वळणावर धसमुसळेपणा करते.' त्रेचाळीसविषयी: 'संयमी. चूक झाल्यास समजून घेते.' शून्यसाहेबांनी त्यांना मतांऐवजी दहापैकी गुण देण्याची विनंती केली. त्यांनी गुण दिले आणि मतेही ठेवली.

रविवारी साडू आले ते बाह्या सरसावूनच. "वीस चाचण्या घ्या, पन्नास घ्या. माझ्या कंट्रोलरवाचून, डोळे बांधून सांगतो काळं कुठलं ते."

"सांगू नका, लिहा."

"लिहितो की! आणि चुकलो तर तुमच्या घरात पुन्हा कसलाही सल्ला देणार नाही."

शून्यसाहेबांनी ही प्रतिज्ञा तारीख घालून वहीत उतरवली.

तिसऱ्या चाचणीच्या वेळी दाराची घंटा वाजली. खोलीत सगळे डोळे मिटून 'उंऽऽ' करत होते. नियमानुसार मध्येच थांबता येत नव्हते. लेकीने दार उघडले. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ चार दिवसांपासून वरून येणाऱ्या या आवाजाचे कारण विचारायला आले होते. त्यांनी आत पाहिले: दोन पोक्त पुरुष आणि एक वयस्क बाई दोन खोक्यांसमोर ओळीने बसून, डोळे मिटून गुणगुणत होती आणि टेबलफॅन खोक्यांना वारा घालत होता.

"कधी संपेल?" त्यांनी हळू आवाजात विचारले.

"गुरुवारी," लेक म्हणाली.

"शांती मिळो," असे पुटपुटत ते जिना उतरले आणि पुन्हा कधी तक्रारीला आले नाहीत.

साडूंनी वीसच्या वीस वेळा ठाम उत्तर दिले. "हे पाहा, हे त्रेचाळीस म्हणजे माझं काळं! गाडी रस्त्याला कशी चिकटून चाललीय! आणि ते सतरा म्हणजे पांढरं डबडं. काय ते हादरे, शी! हाताला मुंग्या आल्या." मनाविरुद्ध का होईना, शून्यसाहेबांना हे पटत चालले होते. त्यांनी स्वतःच्या तक्त्यात, अर्थात स्वतंत्रपणे आणि साडूंचे न ऐकता, लिहिले होते: 'त्रेचाळीस: नियंत्रण किंचित अधिक अचूक. प्रतिसाद सुमारे चाळीस मिलिसेकंद जलद असावा.' हे चाळीस कोठून आले, असे त्यांना प्रयोगशाळेत कोणी विचारले असते तर ते अडचणीत आले असते. पण घरात ते विचारणारे एकटेच होते.

नवव्या दिवशी ऐंशी चाचण्या पूर्ण झाल्या. शून्यसाहेबांनी बेरजा केल्या, सरासरी काढली, पुन्हा केल्या. सतरा: सात पूर्णांक तीन दशांश. त्रेचाळीस: सात पूर्णांक चार दशांश. एवढा फरक तर सासूबाईंच्या जेवणाआधीच्या आणि जेवणानंतरच्या गुणांतही पडत होता.

दहाव्या दिवशी, गुरुवारी, दुकान सात वाजता बंद होणार होते. पाच वाजता साडूंसकट सगळे जमले. लेक सोफ्याच्या टोकाला, ओठ गच्च मिटून बसली होती.

"दोघांत सिद्ध होण्याजोगा फरक नाही," शून्यसाहेबांनी जाहीर केले. "कल किंचित त्रेचाळीसकडे. बाकी सगळं समान असताना कलाप्रमाणे जावं लागेल."

"म्हणजे काळं!" साडू उठून उभे राहिले.

"पाकीट अजून उघडलेलं नाही."

सासूबाईंनी कपाटातून पाकीट आणले, मोहोर शाबूत असल्याचे सर्वांना दाखवले आणि न्यायालयीन स्वरात वाचले, "सतरा, पांढरे. त्रेचाळीस, काळे."

साडूंनी अशी काही टाळी वाजवली की टेबलफॅन हलला. "वीसपैकी वीस! कातडीला कळतं ते कळतंच, शून्यसाहेब! लिहा वहीत!"

शून्यसाहेबांनी लेकीकडे पाहिले. ती रडत नव्हती, ही गोष्ट त्यांना रडण्यापेक्षा जास्त लागली. पण पुरावा तो पुरावा. ते जड पावलांनी खोक्यांपाशी गेले, परत करायचे म्हणून सतराची चिकटपट्टी कापली आणि पांढरे यंत्र बाहेर काढले. ते कोमट होते, पाठीवर धुळीचा थर होता. मग तुलनेसाठी म्हणून त्यांनी त्रेचाळीसही उघडले.

काळे यंत्र थंडगार होते. त्यावर धुळीचा कण नव्हता. समोरच्या बाजूची कारखान्यातली पारदर्शक पट्टीसुद्धा जशीच्या तशी होती. शून्यसाहेबांनी त्याच्या पाठीतून निघालेली वायर बोटांनी धरली आणि तिच्यामागून गुडघ्यांवर रांगत गेले. वायर सोफ्याखालून गेली, बोर्डापर्यंत पोहोचली आणि बोर्डाशेजारी जमिनीवर संपली. तिच्या जागी टेबलफॅनचा प्लग होता.

शून्यसाहेबांनी डबी हातात घेतली, त्रेचाळीसचे बटण दाबले आणि आठ दिवसांत प्रथमच डोळे उघडे ठेवले. पडद्यावर पांढऱ्या यंत्राचे चिन्ह आले. एका संगणकाने मान टाकली तरी काम अडू नये, म्हणून डबी गुपचूप चालू असलेल्या बाजूला जाऊन बसली होती. ही सोय असलेलीच डबी घ्यावी, अशी शिफारस प्रयोगशाळेत त्यांनी स्वतः केली होती.

"म्हणजे ऐंशीच्या ऐंशी वेळा..." ते म्हणाले.

"पांढरंच होतं," लेकीच्या तोंडून अखेर आवाज फुटला.

"तुला माहीत होतं?"

"तिसऱ्या दिवसापासून! चिन्ह दिसायचं ना मला."

"मग बोलली का नाहीस?"

लेकीने भिंतीकडे बोट दाखवले. नियम चौथा.

साडू सावकाश खाली बसले. "अहो, पण ते सतरा... मुंग्या आल्या होत्या मला."

"आणि मी सतराला उतावीळ म्हटलं," सासूबाई खिन्नपणे म्हणाल्या. "त्याच बिचाऱ्याला संयमीही म्हटलं. मला साक्ष दुरुस्त करायची आहे."

शून्यसाहेबांनी वही उघडली. 'चाळीस मिलिसेकंद' ही ओळ त्यांच्याकडे बघत होती. ती खोडून टाकण्याची इच्छा प्रबळ होती; त्यांनी ती खोडली नाही. बराच वेळ ते दोन्ही सरासऱ्या न्याहाळत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर एक वेगळाच उजेड आला. एकाच वस्तूची तिच्याशीच सात दिवस तुलना केली आणि फरक निघाला एक दशांश. म्हणजे तराजू रिकामा होता आणि काटा जवळजवळ शून्यावर होता. त्यांनी पानाच्या तळाशी लिहिले: 'शून्य तपासले. बरोबर आहे.' आणि त्याखाली: 'मुख्य प्रयोग व्हायचा आहे.'

"पावणेसहा झालेत," पत्नी म्हणाली. "आता काय ते ठरवा."

"ठरवणार कशावरून? पुरावाच नाही!" आणि मग त्यांना तो प्लग आठवला. "काळ्याचा प्लग तू काढलास?"

"तुम्हीच म्हणालात, कर कुठेतरी जागा."

"पण तो कसा काय निवडलास? दोन्ही खोकी बंद होती. तुला काय माहीत कुठलं काय ते?"

"उचलून पाहिली की. पुठ्ठा वगळून एक चार किलो दोनशेच्या आसपास लागलं, दुसरं तीनच्याही आत. दुकानातून काळं मीच तर जिन्याने वर आणलं होतं, तुम्ही पांढरं घेतलंत." ती काळ्याच्या वायरीची नीट घडी घालू लागली. "वीस वर्षं पार्सलं उचलतेय मी. जड ते काळं, म्हणून काढलं."

"पण मग काळंच का? पांढरं का नाही?"

पत्नीने त्यांच्याकडे असे पाहिले, की हा प्रश्न विचारायला दहा दिवस, दोन खोकी आणि चोवीस भोके लागावीत याचे तिला नवल वाटले असावे. "अहो, तिची मैत्रीण पांढऱ्यावर असते ना!"

"मला वाटलं होतं, तू कामात आहेस म्हणून चाचणीत नाहीस," शून्यसाहेब म्हणाले.

"मला कशाला हवी चाचणी? माझं दुसऱ्याच दिवशी झालं होतं. आणि हिने त्रेचाळीस दाबून माझ्याकडे बघितलं, तेव्हा मी नुसतं ओठांवर बोट ठेवलं. तुम्ही सगळे उंऽऽ करत होतात."

साडूंनी हळूच टोपी उचलली. सल्ल्याविषयीची प्रतिज्ञा वहीत होती आणि वही शून्यसाहेबांच्या हातात होती. "मी येतो," ते म्हणाले, आणि दारातून वळून लेकीला, "गाडी हळू चालव—" एवढे म्हणून त्यांनी स्वतःचीच जीभ चावली.

शून्यसाहेब काळे यंत्र परत पेटीत भरू लागले, तेव्हा मागे टीव्हीवर शर्यत सुरू झाली होती. लेकीने पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने खेळ उघडला होता आणि पलीकडून मैत्रिणीचा आवाज खोलीभर घुमत होता: "आलीस! अगं, तुझे बाबा अजून उंऽऽ करायला लावतात का?"

"संपलं ते. डावीकडे वळ!"

"तू वळ डावीकडे! आणि ही मला मागे टाकून कोण गेली?"

"आजी आहे. चाचणीचा कंट्रोलर घेतलाय तिने," लेक म्हणाली. "तिच्या वाटेला जाऊ नकोस."

दुकानात सात वाजायला दहा मिनिटे होती. काउंटरवरच्या मुलीने पेटी उघडली, तारा मोजल्या, पट्टी शाबूत असल्याचे पाहून समाधानाने मान हलवली आणि एक फॉर्म पुढे सरकवला. 'परत करण्याचे कारण' या रकान्यापाशी शून्यसाहेबांचे पेन थबकले. 'आवडले नाही' असे लिहिणे खोटे ठरले असते; त्यांनी ते वापरलेच नव्हते. 'बिघाड' हेही खोटे. 'मैत्रीण' हा यंत्राचा गुणधर्म नव्हता.

काउंटरच्या कडेला पार्सलांचा तराजू होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिले, काटा शून्यावर असल्याची खात्री केली, पेटीतून नुसते यंत्र काढून त्यावर ठेवले आणि आकडा वाचला. मग त्यांनी पत्नीला मनातल्या मनात दाद दिली आणि रकान्यात स्वच्छ अक्षरांत लिहिले: 'चार किलो एकशे नव्वद ग्रॅम.'

मुलीने ते दोनदा वाचले. "सर, हे कारण आहे?"

"सध्या उपलब्ध असलेलं सर्वांत विश्वसनीय," शून्यसाहेब म्हणाले आणि सही केली.